ब्याण्णव सेंटिमीटर धागा

८ मार्च

चि. फूटपट्टीस,

अ. उ. आ. वि. वि.

घरी येऊन आठवडा झाला. परवा तू फोन केलास तेव्हा मी नुसतं हो-हो करत होते असं तुला वाटलं असेल. फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही, आणि जे ऐकू येतं ते तुझा बाबा समोर बसून माझ्या तोंडावरून वाचतो. म्हणून पत्र. पत्र खोलीत नेऊन वाचता येतं.

प्रवास ठीक झाला. गाडीवाल्याला तू काय दम भरला होतास कोण जाणे, चार तासांत त्याने एकदाही जोरात ब्रेक मारला नाही. प्रत्येक स्पीडब्रेकरपाशी आधी मागे वळून माझ्याकडे बघायचा, जणू मागच्या सीटवर अंड्यांची टोपली ठेवलीय. जखम वरून कोरडी आहे. आरशात नीट पाहिली. बेंबीला वळसा घालून गेलेली रेघ आणि दोन्ही बाजूंना मुंग्यांची शिस्तबद्ध रांग. छत्तीस वर्षं शाळेच्या मैदानावर मुलींना रांगेत उभं केलं, पण इतकी सरळ रांग मला कधी जमली नाही. तुमच्या सर्जनना सांग, पी.टी.च्या शिक्षकाची नोकरी हवी असेल तर मी शब्द टाकीन.

तुझा बाबा बरा आहे. मी दारातून आत आले तेव्हा धाकटी अशी हाक मारली आणि मग अर्धा तास रडला. झटका येऊन सात वर्षं झाली, उजवी बाजू काही परत आली नाही, पण रडणं मात्र पक्कं झालंय. मी म्हटलं, दादा, रडायचं ते मी हॉस्पिटलात असताना रडून घ्यायचंस, आता काय उपयोग. मग हसला. मी नसताना शेजाऱ्यांनी ठरवून दिलेल्या मदतनीस बाईंनी त्याला छान ठेवलंय, पाठीवर एक लाल ठिपका नाही. पण एकतीस तारखेला त्या जाणार. त्यांना एका मोठ्या लाँड्रीत कायमची नोकरी लागली. म्हणाल्या, माणसं उचलण्यापेक्षा चादरी उचलणं बरं, चादरी शिव्या देत नाहीत. दादाला चार शब्द येतात, हो, नको, धाकटी आणि एक शिवी, हे तुला ठाऊक आहेच. बाईंच्या वाट्याला बहुतेक चौथाच आला.

तेव्हा एक एप्रिलपासून मी. तोवर सहा आठवडे उलटून गेलेले असतात. हॉस्पिटलच्या कार्डावर सर्जननी स्वच्छ लिहिलंय की सहा आठवडे जड वजन उचलू नये. त्याच्या खाली तुझ्या अक्षरात, पेन्सिलने, लिहिलंय की त्यानंतरही मला विचारल्याशिवाय नको. मला गंमत वाटली. सर्जन पेनने लिहितात आणि तू पेन्सिलने, तेही त्यांच्या पाठीमागे? बरं, विचारते बाई तुला. एक तारखेपासून दादाला उचलू ना? दिवसातून सहा वेळा, पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून बाथरूममधल्या स्टुलावर आणि परत. गुडघ्यात वाकून, कमरेचा पट्टा धरून, एक-दोन-तीन म्हणत. हो किंवा नाही एवढंच लिही, टिपा नकोत.

जेवत जा वेळेवर. पाकिटात मावली तेवढी माया पाठवली आहे, बाकीची आलीस की घेऊन जा.

तुझी आत्या


१३ मार्च

ती. आत्यास,

शि. सा. न. वि. वि.

हो किंवा नाही एवढंच लिही म्हणालीस. उत्तर नाही असं आहे. एप्रिलमध्ये बाबांना उचलू नकोस. जमलं तर मे आणि जूनमध्येही नको. आता टिपा नकोत म्हणालीस तरी थोडं लिहायला हवं, कारण कातडीवरची ती सरळ रांग बघून तू काहीतरी ठरवून बसशील.

कातडी आठ-दहा दिवसांत जुळते. तिच्याखाली चरबी असते, आणि चरबीखाली पोटाच्या मधोमध एक चिवट पांढरा पट्टा असतो. दोन्ही बाजूंचे स्नायू त्याला धरून असतात. पोट उघडताना तो कापावा लागतो आणि पोट मिटताना खरं शिवायचं असतं ते त्यालाच. तो पूर्वीइतका मजबूत पुन्हा कधी होत नाही, वर्षानेही थोडा कमीच असतो. त्यात कुठे फट राहिली तर आतडं तिथून बाहेर डोकावायला लागतं. तो हर्निया. तो लगेच दिसत नाही. माणूस बरा होतो, घरी जातो, ऑपरेशन विसरतो, आणि वर्ष-दोन वर्षांनी आंघोळ करताना हाताला फुगवटा लागतो.

पूर्वी आमच्याकडे सगळेच सर्जन कडेपासून बोटभर आत सुई घालून मोठे टाके घ्यायचे. काम पटकन व्हायचं आणि बघणाऱ्याला वाटायचं, केवढं भक्कम! पण मोठ्या टाक्यात पट्ट्याबरोबर चरबी आणि स्नायूही आवळले जातात. ते दबून झिजतात, टाका सैल पडतो आणि कडा एकमेकींपासून सरकतात. बारीक टाका, म्हणजे कडेपासून अर्धा सेंटिमीटर आणि पुढच्या टाक्यापासूनही तेवढाच, फक्त पट्ट्यालाच धरतो. आधी ठरवून केलेल्या ऑपरेशनांचा अभ्यास झाला आहे. मोठ्या टाक्यांत वर्षभरात साधारण पाचांतल्या एकाला हर्निया झाला, बारीक टाक्यांत आठांतल्या एकाला. आमचे सर्जन दोन वर्षांपूर्वी हे शिकून आले आणि त्यांनी ऑपरेशन थिएटरच्या भिंतीवर स्टीलची मोजपट्टी ठोकून घेतली. धागा दीडशे सेंटिमीटरचा असतो. शिवून झालं की उरलेला धागा पट्टीला लावायचा, वजाबाकी करायची, आणि वापरलेला धागा जखमेच्या लांबीच्या निदान चौपट आहे ना ते वहीत लिहायचं. चौपट भरला नाही तर समजायचं की टाके लांब लांब पडले. हे मोजणं थिएटरच्या सिस्टरकडे, म्हणजे माझ्याकडे असतं. तेव्हा तुझी फूटपट्टी नोकरीतही फूटपट्टीच आहे.

वजन उचलल्यामुळेच फट पडते असं कुणी छातीठोकपणे सांगत नाही, मीही सांगत नाही. पण एकाहत्तर किलो, दिवसातून सहा वेळा, हे मला नको वाटतं. तू एक करून बघ. उताणी झोप, हातांचा आधार न घेता डोकं थोडं उचल, आणि रेघेवरून तळवा फिरव. कुठे फुगतंय का ते मला कळव.

इथल्या दोन संस्थांकडे मदतनीस मागितली आहे. दोन्ही संस्थांनी यादीत नाव घालून घेतलं, तारीख कुणीच दिली नाही. माझी खोली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, हे तू पाहिलं नसलंस तरी माझ्याकडून ऐकलं आहेस. तू उचलणार नसलीस तर बाबांचं काय, हे मनात आलं की पुढचं मला काही सुचत नाही.

बाबांना नमस्कार सांग. कमी लिहिलं असेल तर तू समजून घेशीलच.

तुझी भाची


१९ मार्च

चि. फूटपट्टीस,

अ. उ. आ.

तुझं पत्र तीनदा वाचलं. शाळेत एखादीने उत्तर फारच लांब लिहिलं की मी ओळखायचे, हिला विचारलेलं येत नाहीये. तू दोन पानं धाग्यावर लिहिलीस. भिंतीवरची पट्टी लिहिलीस, अर्धा सेंटिमीटर लिहिलास, पाचांतली एक आणि आठांतली एक लिहिलीस. मी त्या पाचांतली की आठांतली, ते मात्र कुठे सापडलं नाही. मोजणं तुझ्याकडे असतं ना? मग माझा धागा किती उरला?

आता एक गोष्ट. तू रागावशील म्हणून शेवटी दडवून लिहिणार होते, पण दडवणं तुझ्याकडून पुरेसं झालंय. रविवारी दादा बाथरूममधल्या स्टुलावर होता. बाई टॉवेल आणायला गॅलरीत गेल्या. मी दारातच उभी होते. साबणामुळे तो उजव्या बाजूला घसरायला लागला, आणि त्या बाजूचा हात तर त्याला सावरत नाही. विचार करायला वेळ नव्हता. मी खाली बसून त्याच्या काखेत हात घातले आणि वर ओढला. एक-दोन-तीनसुद्धा म्हटलं नाही. तो पडला नाही. पण बेंबीच्या खाली, रेघ संपते तिथे, आत काहीतरी सरकलं. दुखलं असं म्हणत नाही. बॅगेची चेन लावताना मधला एखादा दात निसटतो ना, तसं.

तेव्हापासून चालताना माझा हात आपोआप तिथे जातो. दादाने ते पाहिलंय. तो बोलत नाही, पण माझ्या हाताकडे बघत बसतो, आणि मी हात काढला की त्याची नजरही निघते. तू सांगितलंस तसं डोकं उचलून पाहिलं. मला कळत नाही गं. जिथे तळवा ठेवावा तिथे फुगल्यासारखंच वाटतं, आणि सहासष्टाव्या वर्षी पोट कुठे फुगलेलं नसतं?

हो-नाही नको आता. आकडा लिही.

लोभाची काळजी करू नकोस, तो आहे म्हणूनच विचारतेय.

आत्या


२३ मार्च

ती. आत्यास,

शि. सा. न. वि. वि.

आधी हे वाच आणि बाईंनाही वाचून दाखव. तिथे फुगवटा आला आणि तो आडवं झाल्यावरही आत जाईना, कडक झाला, जोरात दुखायला लागलं किंवा उलटी झाली, तर माझ्या पत्राची वाट न बघता ताबडतोब तिथल्या हॉस्पिटलात जा.

आता आकडा. तुझी जखम एकवीस सेंटिमीटर. चौपट म्हणजे निदान चौऱ्याऐंशी सेंटिमीटर धागा लागायला हवा होता. लागला अठ्ठावन्न. ब्याण्णव उरला. पावणेतीन पट.

हे का झालं ते सांगते. अकरा फेब्रुवारीला दुपारी तुला रुग्णवाहिकेतून इथे आणलं तेव्हा आमची दुसरी सिस्टर शेजारच्या थिएटरमध्ये बाळंतपणाच्या ऑपरेशनला उभी होती. तिसरीला घरून यायला वीस मिनिटं लागली असती. आपल्या माणसाच्या ऑपरेशनला आत उभं राहू नये असं कुठे लिहिलेलं नाही, पण सगळे पाळतात. सर्जननी विचारलं, जमेल का? मी हो म्हटलं. तुझं आतडं पिळलं होतं, ते त्यांनी सोडवलं, रंग परत आला, कापावं लागलं नाही. तिथपर्यंत माझे हात नीट चालले.

मग पोट मिटायला घेतलं. वरच्या टोकाकडून त्यांनी बारीक टाके सुरू केले. पहिले सात-आठ अगदी आखून घेतल्यासारखे. तुझ्या जखमेला असे चाळीसेक टाके लागले असते, पंधरा मिनिटं गेली असती. तेवढ्यात तुझं बीपी एकशे दहावरून पंच्याण्णववर आलं. भूलतज्ज्ञ बाई म्हणाल्या, माझं लक्ष आहे, चालू द्या. त्या घाबरल्या नव्हत्या. मी घाबरले. मी म्हटलं, सर, बीपी उतरतंय. त्यांनी मान डोलावली. दोन मिनिटांनी परत तेच म्हटलं. मग विचारलं, अजून किती वेळ? सतरा वर्षांत मी हे कुठल्याही सर्जनला विचारलेलं नाही. त्यांनी सुई थांबवून माझ्याकडे पाहिलं. मास्कमुळे डोळेच दिसत होते. त्यानंतरचे टाके बोटभर अंतरावर पडत गेले. चार मिनिटांत पोट मिटलं. तोवर तुझं बीपी आपसूक एकशे पाचवर आलं होतं. घाई करायची काहीच गरज नव्हती. घाई माझी होती.

उरलेला धागा मी पट्टीला लावला. दोनदा लावला. मग वहीत त्या रकान्यात आडवी रेघ मारली आणि शेजारी लिहिलं की मोजता आले नाही. खोलीवर येऊन डायरीत खरा आकडा लिहिला. त्या वहीत दोन वर्षांत माझ्या हातची ती एकच आडवी रेघ आहे.

तुला का सांगितलं नाही याची तीन कारणं मी डायरीत लिहून काढली. सर्जनना त्रास होईल, तू उगाच धसका घेशील, आणि सांगून टाके काही बदलणार नाहीत. तिन्ही वाचली आणि तिन्ही खोडली, कारण एकही खरं नव्हतं. तुला सांगितलं असतं तर तू बाबांना उचलणं थांबवलं असतंस. मग बाबांना उचलायला मला यावं लागलं असतं. मी कार्डावर पेन्सिलने लिहिलं, कारण पेनने लिहायचं तर घरी यायची तयारी हवी होती. मला वाटत होतं की तुला अर्धवट कळावं, तूच काय ते समजावंस, आणि मी सांगितलं असंही व्हावं.

ऑपरेशनच्या वेळी मी घाबरले ती तुझ्यासाठी की माझ्यासाठी, हेही आता नक्की सांगता येत नाही. तुझ्यासाठीच, असं रोज ठरवते. दुसऱ्या दिवशी परत ठरवावं लागतं.

रागव, पण लिही. लोभ मागायचा हक्क या पत्रापुरता तरी मला नाही.

तुझी भाची


२ एप्रिल

चि. मुलीस,

आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा दादा खुर्चीत होता. पाकिटावरचं तुझं अक्षर बघून त्याने डाव्या हाताने टेबल बडवायला सुरुवात केली. मला वाटलं, वरवरचं वाचून दाखवू, बाकीचं गाळू. पण मोठ्याने वाचताना गाळणं मला जमत नाही, आणि मी थांबले की तो परत बडवायचा. सगळं वाचलं. पेन्सिलचं वाक्यसुद्धा. त्या रात्री तो जेवला नाही. बाईंनी चमचा तोंडाशी नेला तर नको म्हणाला, मी नेला तरी नको. शिवी असती तर बरं वाटलं असतं.

टाक्यांचं म्हणशील तर मला राग नाही. माझ्या जिवाला घाबरून कुणी तीनदा तोंड उघडलं, त्याचा राग धरण्याइतकी मी कडू झालेली नाही. राग त्या आडव्या रेघेचा आहे, आणि चाळीस दिवसांचा. तू मला पट्टा शिकवलास, टाके शिकवलेस, डोकं उचलायला शिकवलंस, आणि माझ्याच पोटात काय आहे ते मला कळू दिलं नाहीस. रविवारी दादा घसरला तेव्हा मला माहीत असतं तरी मी ओढलाच असता. पण माहीत असून ओढला असता. तो फरक तुझ्यासारखीला समजावून सांगावा लागेल असं मला वाटलं नव्हतं.

सध्या असं आहे. बाईंनी लाँड्रीत विनंती करून वीस एप्रिलपर्यंत सकाळ-संध्याकाळ यायचं कबूल केलंय. मधला सगळा वेळ दादा पलंगावर असतो. मी त्याला हात लावत नाही, म्हणजे उचलत नाही. काल त्याच्या पाठीवर, माकडहाडाजवळ, नाण्याएवढा लाल डाग दिसला. दाबला तरी पांढरा होत नाही. पडून पडून होणाऱ्या जखमेची ती सुरुवात, हे तुला मी सांगायला नको. कुशीवर वळवते, उशी लावते. वळवतानासुद्धा माझा एक हात पोटावर असतो आणि तो डोळे मिटून घेतो. वीस तारखेनंतर काय, ते मला माहीत नाही.

त्या वहीतली रेघ आधी खोड. सर्जनना सांग. तोवर मला धाग्याबद्दल काही लिहू नकोस.

जेवतेस ना?

आत्या


८ एप्रिल

ती. आत्यास,

शि. सा. न. वि. वि.

काल सर्जनना सांगितलं. सकाळची ऑपरेशनं संपल्यावर ते हात धुऊन बाहेर आले तेव्हा मी डायरी आणि वही दोन्ही घेऊन उभी होते. त्यांनी आधी डायरीचं पान वाचलं, मग वहीचं. मग म्हणाले, सुई माझ्या हातात होती. तुम्ही तीनदाच काय, तीस वेळा म्हटलं असतंत तरी ती माझ्याच हातात होती. मला जरा हलकं वाटायला लागलं, तेवढ्यात म्हणाले, पण रेघ तुमची. आणि थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता म्हणाले की टाके लांब पडले हे त्यांना त्याच वेळी माहीत होतं. संध्याकाळी त्यांनी वही उघडून पाहिली होती. मोजलेलं नाही असं दिसलं, आणि त्यांना बरं वाटलं. तेव्हा हे दोघांचं आहे, दोघांच्या नावावर लिहू.

रेघ खोडली नाही. आमच्या वहीत खोडायचं नसतं, शेजारी लिहायचं असतं. शेजारी खरा आकडा, कालची तारीख, आणि खाली दोन सह्या. आपल्या माणसाच्या ऑपरेशनला आत उभं राहू नये हे त्यांनी आता लेखी केलं आहे. ज्या पानावर ते लिहिलंय त्यावर माझं नाव नाही, पण सगळ्यांना ठाऊक आहे. चहाच्या वेळी मी आले की बोलणं जरा थांबतं. थांबू दे.

तुला त्यांनी बावीस तारखेला तपासायला बोलावलं आहे. सोनोग्राफी करून बघतील. फट दिसली तर पुढे जाळी लावून दुरुस्त करता येते. आत्ता काही दिसलं नाही तरी निदान तीन वर्षं, दर वर्षी दाखवायचं. पाचांतल्या चौघांना काही होत नाही हेही लिही, असं त्यांनी मुद्दाम सांगितलं. ते खरं आहे. तुझं पोट त्या पाचांपेक्षा थोडं जास्त अवघडलेलं आहे, कारण ऑपरेशन तातडीचं होतं आणि धागा तीन पटही भरला नाही. तेही खरं आहे. बाबांना मात्र तू उचलायचं नाही. तीन महिने नाही, कधीच नाही.

मला दोन महिन्यांची रजा मिळाली आहे. एकोणीसला रात्रीच्या गाडीने निघते, वीसला सकाळी बाई असतानाच पोचते. त्या लाल डागावर मऊ गादी, दर दोन तासांनी कूस, आणि कातडी फुटली तर लगेच डॉक्टर.

त्यापुढचं मात्र मला ठरवता येत नाही. तळमजल्यावरच्या सात खोल्या पाहिल्या, एकही मिळाली नाही. बाबांना माझ्याकडे आणायचं तर चौघांनी खुर्ची धरून तीन जिने चढवावे लागतील. आमच्या इमारतीत वॉर्डात काम करणारे दोघे भाऊ राहतात, दिवसभर माणसंच उचलतात. ते सकाळ-संध्याकाळ यायला तयार आहेत. पण एकदा वर आणलं की बाबा खाली कधी उतरणार? तिकडेच एखाद्या शुश्रूषागृहात ठेवायचं तर माझा धीर होत नाही, आणि तू तर ऐकूनच घेणार नाहीस. तू काय म्हणतेस? तू ठरवशील ते मी करीन.

लोभ पूर्ववत व्हायला वेळ लागेल, तेवढा घे.

तुझी भाची


१५ एप्रिल

चि. मुलीस,

आशीर्वाद.

डाव्या हाताने लिहितो आहे. तीन दिवस लागले. अक्षराला हसू नकोस. चाळीस वर्षं नकाशांवर नद्यांची नावं लिहिली, वळणाला वळण धरून. तो हात गेला.

धाकटीने तुझी सगळी पत्रं मला वाचून दाखवली. तुम्ही दोघी माझ्या वजनाबद्दल लिहिता. एकाहत्तर. तू तिला विचारतेस, ती तुला विचारते. मला कुणी विचारलं नाही. मीही काही दाखवलं नाही. बोलता येत नाही म्हणजे डोक्यातही काही नाही, असं लोक धरून चालतात. ते सोयीचं असतं. सात वर्षं मी ती सोय घेतली.

मी तुझ्याकडे येतो. जिने एकदाच चढायचे. खाली उतरून मला कुठे जायचंय? खिडकी असेलच. ते दोघे भाऊ मला उचलू देत. धाकटीने माझ्याबरोबर यायचं नाही. तिने इथेच राहायचं आणि सकाळी चालायला जायचं. पूर्वी जायची. माझ्यामुळे बंद झालं. बावीस तारखेला तिला तपासायला तू स्वतः घेऊन जा. मी तेवढा दिवस आडवा राहीन. डाग वाढला तर वाढला.

आता दुसरं. हे लिहायला दोन दिवस गेले, वरचं सगळं एका दिवसात झालं.

तू लिहिलंस, घाबरले ती तिच्यासाठी की माझ्यासाठी, सांगता येत नाही. मला सांगता येतं. अकरा फेब्रुवारीला तिला गाडीत घातलं तेव्हा मी दाराशी खुर्चीत होतो. ती कळवळत होती. माझ्या मनात पहिलं आलं ते हे, की आता मला कोण उचलणार. मग आलं, ती मरेल. मध्ये फार वेळ गेला नाही. पण क्रम हाच होता. मी नीट आठवून पाहिलाय. उलटा करून पाहिला, तसा होत नाही.

ती परत आली. मी तिला हे सांगितलं नाही. सांगायला शब्द नव्हते म्हणून नाही. डावा हात होता, कागद होता. रविवारी तिने मला ओढलं तेव्हाही मी गप्प होतो. तिचा हात पोटावर जाताना बघत होतो आणि ती मला उचलायला लागेल ती एक तारीख कधी येते ते मोजत होतो. तू निदान चाळीस दिवसांनी लिहिलंस.

पाकीट मला एका हाताने चिकटवता येत नाही. संध्याकाळी बाई येतील, त्यांना देता येईल. त्या न वाचता चिकटवतील. धाकटी आत्ता शेजारच्या खोलीत आहे. तिला दिलं तर ती आधी वाचेल.

तिला हाक मारतो.

लोभ उरला तर दोघी कळवा.

बाबा